मेरिदातली दिवाळी आणि हिरव्या डोळ्यांचा गव्हर्नर

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी आठ वाजता मी स्मशानात उभा होतो, हातात झेंडूची जुडी, आणि नेमका तेव्हाच आईचा व्हिडिओ कॉल आला. बार्शीत संध्याकाळचे साडेसात झालेले, पूजा नुकतीच आटोपलेली. "कुठं आहेस रे, मागं केवढा झेंडू दिसतोय, मांडली का पूजा?" आता काय सांगणार. म्हणलं हो, इथं पण सणच आहे, सगळीकडं सजावट केलीय, रात्री फोन करतो. खोटं काहीच बोललो नाही, फक्त मागची पांढरी संगमरवरी दगडं कशाची आहेत ते सांगितलं नाही. बायको बाजूला उभी राहून तोंड दाबून हसत होती.

तर हे मेरिदा, मेक्सिकोच्या युकातान राज्याची राजधानी. आम्ही ह्यूस्टनला राहतो, तिथून विमानानं दोन तास, आणि २०२४ च्या दिवाळीत शाळेला जोडून सुट्टी टाकता आली म्हणून निघालो. प्लॅन अगदी साधा, चिचेन इत्साचा पिरॅमिड बघायचा, दोन-चार सेनोतेत (म्हणजे जमिनीखालच्या नैसर्गिक विहिरी) डुंबायचं, खायचं आणि परत. राजकारण, क्रांती वगैरे काही डोक्यात नव्हतं. मेक्सिकन क्रांती (१९१० ला सुरू झालेली) म्हणलं की आपल्याला दोन माणसं माहीत, सापाता आणि पांचो विया, मोठ्या टोप्या, छातीवर काडतुसांचे पट्टे, बास. आणि ती सगळी लढाई मध्य आणि उत्तर मेक्सिकोतली, युकातान तर नकाशात पार उजव्या कोपऱ्यात समुद्रात घुसलेलं, त्याचा काय संबंध असं वाटायचं.

पहिल्याच दिवशी एका सरकारी ऑफिसच्या दारावर नोटीस चिकटवलेली दिसली. काय लिहिलंय ते फार कळलं नाही पण कागदाच्या डोक्यावर एका माणसाचं चित्र होतं. मग तोच माणूस दुसऱ्या कागदावर, मग एका पोस्टरवर. फेलिपे कारियो पुएर्तो. मेक्सिको सरकारनं २०२४ हे अख्खं वर्ष त्याच्या नावानं जाहीर केलं होतं, कारण त्याला मारलं त्याला शंभर वर्षं झाली. मारलं कुणी, तर गव्हर्नर असताना सैन्यानंच, गोळ्या घालून. बायको म्हणाली अरे हे तर वाचायला पाहिजे, आणि तिथून आमच्या ट्रिपचा जो कचरा झाला (चांगल्या अर्थानं) तो शेवटपर्यंत.

प्लाझा ग्रान्दे, म्हणजे गावातला मुख्य चौक, त्याच्या एका अंगाला राज्य सरकारचा वाडा आहे, फुकट आत सोडतात. वर फेर्नान्दो कास्त्रो पाचेको नावाच्या चित्रकाराची भलीमोठी भित्तिचित्रं आहेत, युकातानचा सगळा इतिहास, स्पॅनिश आले तिथपासून. आणि त्यात एक माणूस पाठीवर हिरव्या, तलवारीसारख्या पानांचा भारा घेऊन वाकलेला. मी थांबलोच. हे तर घायपात! आमच्याकडं केकताड म्हणतात. बांधावर, रेल्वेच्या कडेनं, कुंपणाला लावलेलं असायचं, टोकाला काटा असला की एकदा पोटरीत घुसला की आठवडाभर ठणकायचा. पानं तोडून ओढ्याच्या डबक्यात भिजत घालायची, कुजली की असा वास सुटायचा की त्या बाजूनं शाळेत जाताना आम्ही नाक धरून पळायचो. मग ती बडवून, धुऊन पांढरा वाख निघायचा आणि त्याची दावी, कासरे, शिंकी, चऱ्हाटं. आजोबांच्या बैलांचे कासरे वाखाचेच. आणि ते वळणारी घरं मातंगांची, गावाच्या कडेला, वर्षाकाठी ठरलेलं धान्य मिळायचं त्यांना, दोर मात्र अख्ख्या गावाला लागायचा. लहानपणी ह्यात काही वावगं आहे हे डोक्यातच आलं नाही, त्या चित्रासमोर मात्र आलं.

आपल्याकडं हे झाड कुंपणाला होतं, इथं त्यानं अख्खं राज्य चालवलं. युकातानात त्याला एनेकेन म्हणतात, आणि ज्या बंदरातून वाखाचे गठ्ठे बाहेर जायचे त्या बंदराचं नाव सिसाल, म्हणून जगभर वाखाचं नाव सिसाल पडलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत गव्हाची कापणी आणि पेंढ्या बांधणारी मशीन आली, त्या मशीनला सुतळी लागायची मैलोनमैल, आणि ती सुतळी इथून. 'हिरवं सोनं' म्हणायचे. मेरिदातला पासेओ दे मोन्तेहो नावाचा रुंद रस्ता, दुतर्फा फ्रेंच पद्धतीचे राजवाड्यासारखे बंगले, ते सगळे वाखाच्या पैशाचे. मालक म्हणजे थोडीच घराणी, आणि राबणारे माया लोक, ज्यांच्या बापजाद्यांची ही जमीन. हसिएन्दात म्हणजे त्या मोठ्या मळ्यांवर मजुराला पैसे न देता मालकाच्या नावाचे बिल्ले द्यायचे, ते फक्त मालकाच्याच दुकानात चालायचे, तिथं उधारी चढायची, ती फिटायची नाही, बाप मेला की पोराच्या डोक्यावर. पळून गेला तर धरून आणायचे. माणसं कमी पडली तर उत्तरेतल्या सोनोरातून याकी लोकांना सैन्यानं उचलून इथं पाठवलं, आणि १९०५ मध्ये हजाराच्या आसपास कोरियन माणसं कराराच्या कागदावर अंगठे घेऊन आणली. गिरमिटियांची गोष्ट आठवली ना? मला तर लगेच आठवली, फिजी-मॉरिशसच्या ऐवजी मेरिदा घाला फक्त.

दुसऱ्या दिवशी चिचेन इत्सा होतं. एका टूरवाल्याला ऍडव्हान्स दिला होता, सकाळी सातला हॉटेलवर घ्यायला येणार होता, साडेआठपर्यंत आलाच नाही, फोन उचलेना, नंतर मेसेज की गाडी फुल झाली. पैसे आजतागायत परत आलेले नाहीत, जाऊदे, नाव लिहीत नाही. मी चिडून बसलो होतो, ही म्हणाली मग त्याच्याच गावाला जाऊ की, तो कारियो, मोतुलचा आहे ना, चाळीसेक किलोमीटर तर आहे. कोलेक्तिवो म्हणजे आपली वडाप, भरली की सुटते. आमच्या पुढं एक माया आजी, पांढरा झगा त्यावर गळ्याभोवती रंगीत भरतकाम, मांडीवर झेंडूचा एवढा मोठा गठ्ठा. सणाचा बाजार. इथं दिवाळीच्याच दिवसात हनाल पिशान असतं, माया भाषेत पिशान म्हणजे आत्मा आणि हनाल म्हणजे जेवण, थोडक्यात आपला सर्वपित्रीचा घास, फक्त तो कावळ्याला न घालता टेबलावर मांडतात, फोटो ठेवतात, मेणबत्त्या, फुलं. झेंडू मूळचा त्यांच्याकडचाच, आपण दसऱ्याला त्याची तोरणं बांधतो आणि हे पितरांना वाहतात.

मोतुल छोटंसं गाव, चर्च, मठ, चौक, मार्केट. चौकात कारियोचा पुतळा. बाजारात वर जिन्यानं गेलं की उएवोस मोतुलेन्योस मिळतात, मोतुलची अंडी, म्हणजे मक्याची पोळी, त्यावर काळ्या घेवड्याचं वाटण, त्यावर अंडी, वर टोमॅटोचा रस्सा, वाटाणे, हॅम, चीज आणि कडेला तळलेली पिकी केळी. कारियो गव्हर्नर असताना त्याच्या पाहुण्यांसाठी एका लेबनीज खानावळवाल्यानं ही डिश जुळवली अशी एक गोष्ट तिथं सांगतात, खरी-खोटी त्यांचं त्यांना माहीत. हिला अंडं चालतं, हॅम नाही, आणि घेवड्यात डुकराची चरबी असते हे कळल्यावर तर विषयच संपला, तिनं केळी खाल्ली. माझी दोन्ही प्लेटं झाली.

फेलिपेचा जन्म इथला, १८७४ चा, चौदा भावंडांतला दुसरा. घरचं किराण्याचं छोटं दुकान, म्हणजे मळेवाला नाही आणि मजूरही नाही, मधला. आजूबाजूच्या माया पोरांबरोबर वाढला त्यामुळं माया भाषा अस्खलित. पुढं गाडीवान, रेल्वेत कंडक्टर, पत्रकार असं सगळं करून झालं. रंगानं गोरा, उंच, आणि डोळे हिरवे, माया लोक त्याला याश इच म्हणायचे म्हणजे हिरव्या डोळ्यांचा. तरुणपणी एका मळेवाल्यानं कुंपण घालून गावचा रस्ता अडवला तर ह्यानं लोकांना ते पाडायला सांगितलं आणि तुरुंगात गेला, असं सांगतात. पण मला ज्या गोष्टीनं धरलं ती वेगळीच. क्रांती सुरू व्हायच्या आधी ह्यानं मेक्सिकोची १८५७ ची राज्यघटना माया भाषेत केली आणि गावोगाव वाचून दाखवायला लागला. म्हणजे बघा, घटनेत लिहिलेलं की गुलामगिरी नाही, सक्तीची मजुरी नाही, पण ते स्पॅनिशमध्ये, आणि राबणाऱ्याला स्पॅनिश येत नाही. पन्नास वर्षं तो कायदा त्यांच्या डोक्यावरून विमानासारखा गेला. ह्यानं नवीन काही मागितलंच नाही, जे छापलेलं आहे तेच वाचलं. मळेवाल्यांना बॉम्बपेक्षा ते जास्त झोंबलं असणार.

१९११ मध्ये राजकीय भांडणात त्याला मारायला आलेल्या माणसाला ह्यानंच गोळी घातली, त्यात जेल झाली. सुटल्यावर मेक्सिकोच्या मध्यात मोरेलोसला गेला, सापाताकडं, तिथं जमीन मोजून गावांना परत देण्याच्या कामात राहिला. शिकून आला म्हणा. तोवर इकडं १९१५ च्या मार्चमध्ये केंद्राच्या बाजूचा जनरल साल्वादोर आल्वारादो फौज घेऊन युकातानात शिरला होता. हे महत्त्वाचं आहे, युकातानला क्रांती बाहेरून आली, आगबोटीतून आणि रेल्वेनं, मजुरांनी पेटवलेली नव्हती. आल्वारादो शिस्तीचा माणूस, मजुरांची कर्जं रद्द झाली ती पक्की राबवली, शाळा काढल्या, वाखाची विक्री सरकारी कमिशनच्या हातात घेतली, १९१६ च्या जानेवारीत मेरिदाच्या थिएटरात बायकांची परिषद भरवली, सहाशेच्या वर बायका आल्या होत्या. कारियो परत आला तर आधी ह्याच आल्वारादोनं त्याला आत टाकला, सापाताचा माणूस म्हणून, आणि मग सोडून कामाला लावला. नंतर केंद्रानं आल्वारादोला हलवलं आणि समाजवादी पक्ष कारियोच्या हातात आला, पुढं त्याचंच नाव आग्नेयेचा समाजवादी पक्ष. पहिलं अधिवेशन १९१८ ला इथंच मोतुलमध्ये, दुसरं १९२१ ला इसामालमध्ये.

१ फेब्रुवारी १९२२ ला तो गव्हर्नर झाला आणि चौकातल्या त्याच वाड्याच्या सज्जातून पहिलं भाषण माया भाषेत ठोकलं. मी परत आल्यावर मुद्दाम त्या सज्जाखाली जाऊन उभा राहिलो. बाजूला चर्च १५९८ सालचं, समोर मोन्तेहोचं घर, मोन्तेहो म्हणजे स्पॅनिश सेनापती ज्यानं मायांना हरवून हे गाव वसवलं, आणि त्या घराच्या दर्शनी भिंतीवर दगडात कोरलेले स्पॅनिश शिपाई चक्क मुंडक्यांवर पाय देऊन उभे आहेत. त्या शिपायांच्या समोर, पावणेचारशे वर्षांनी, गव्हर्नर माया बोलतोय. खाली पांढरे कपडे घातलेली गर्दी असणार. चौकात ते इंग्रजी एस आकाराचे बाक आहेत, दोन माणसं एकमेकांकडं तोंड करून बसतात ते, तिथं आम्ही बसलो, मार्केसिता खाल्ली (चीज घातलेली कुरकुरीत गुंडाळी, ही हिला चालली एकदाची) आणि मी तिला हे सगळं सांगत होतो तर ती म्हणाली, "तू त्याच्या प्रेमात पडलायस." जरा पडलो होतो खरं.

कारण काम बघा ना, जेमतेम तेवीस महिने मिळाले त्याला. गावोगाव 'लीगा' काढल्या, प्रतिकार मंडळं म्हणू, सभासदाला लाल कार्ड. दर गुरुवारी जमीन वाटप, त्याला नावच आग्रारियन गुरुवार. बायकांच्या वेगळ्या लीगा, त्या त्याची बहीण एल्विया चालवायची, बिनधास्त बाई, संततिनियमनाची पत्रकं वाटण्यापर्यंत मजल गेलेली, आणि १९२३ ला ती आणि आणखी दोघी राज्याच्या विधिमंडळावर निवडून आल्या. त्याच्या आधी रोसा तोर्रे नावाची बाई मेरिदाच्या नगरपालिकेवर. अख्ख्या मेक्सिकोत बायकांना मताचा हक्क मिळाला १९५३ ला, त्याच्या तीस वर्षं आधीची ही गोष्ट. विद्यापीठ काढलं १९२२ ला. दारूवर बंधनं. चर्चला पर्याय म्हणून लाल फुलं घेऊन समाजवादी बारशी. आणि बेसबॉल! माया खेड्यांत बेसबॉलच्या टीम काढल्या, बॅट-बॉल पक्षानं पुरवायचे, म्हणजे सभेला कुणी नाही आलं तरी मॅचला येणारच. हे वाचून मी मोठ्यांदा हसलो, आपल्याकडचे आमदार चषक काय वेगळे आहेत.

चिचेन इत्सा शेवटी ३१ ला झालं, साध्या बसनं. गर्दी मरणाची, ऊन मरणाचं, पिरॅमिडवर चढू देत नाहीत, समोर टाळी वाजवली की पक्ष्याच्या आवाजासारखा प्रतिध्वनी येतो म्हणून दोनशे माणसं एकाच वेळी टाळ्या वाजवतात. पिरॅमिडबद्दल इंटरनेटवर ढीगभर आहे, ते वाचा. मला सांगायचंय ते रस्त्याबद्दल. तेव्हा रेल्वे द्झितास नावाच्या गावापर्यंत होती, पुढं जंगल. तिथून चिचेनपर्यंतचा रस्ता कारियोच्या सरकारनं १९२३ च्या जुलैमध्ये खुला केला. वॉशिंग्टनच्या कार्नेगी इन्स्टिट्यूटबरोबर उत्खननाची बोलणी त्याच वेळची, सिल्वेनस मॉर्ली तिथला मुख्य माणूस. पण कारियोचं डोकं फक्त अमेरिकन टुरिस्टवर नव्हतं, त्याला मजुरांनी हे बघायला हवं होतं, की हे तुमच्या लोकांनी बांधलंय. आज तिथं दुकानं लावून बसलेले माया विक्रेते आपल्याला 'ऑलमोस्ट फ्री, वन डॉलर' ओरडतात आणि आपण पुढं जातो. मी पण गेलो.

त्याच १९२३ च्या फेब्रुवारीत आल्मा रीड आली. सॅन फ्रान्सिस्कोची पत्रकार, न्यूयॉर्क टाइम्ससाठी कार्नेगीच्या मंडळींबरोबर. चिचेनच्या पवित्र विहिरीतून सोनं-जेड उपसून अमेरिकेला पाठवणारा एडवर्ड थॉम्पसन तिच्यापाशी सगळं बोलून बसला आणि तिनं ते छापलं. आणि गव्हर्नर तिच्या प्रेमात. तो लग्नाचा माणूस, पोरंबाळं. नवा सोपा घटस्फोटाचा कायदा १९२३ ला त्याच्याच सरकारनं आणलेला, त्याचा फायदा घेऊन मोकळा झाला. इथं माझी बायको थांबली. म्हणाली, "कायदा बायकांसाठी केला म्हणतोस, आणि पहिला वापरला कुणी?" ह्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. आल्माला तो माया भाषेत पिशान हालाल म्हणायचा, आल्मा म्हणजे आत्मा, रीड म्हणजे बोरू, नावाचं सरळ भाषांतर. घटना काय, प्रेयसी काय, ह्या माणसाला सगळं मायात केल्याशिवाय चैन पडत नसावं. तिच्यासाठी त्यानं गाणं लिहून घेतलं, शब्द लुईस रोसादो वेगाचे, चाल रिकार्दो पाल्मेरीनची, नाव 'पेरेग्रिना', दूरदेशीची प्रवासी बाई. आम्ही चिचेनहून आलो तो गुरुवार होता, सांता लुसियाच्या चौकात दर गुरुवारी गाण्याचा कार्यक्रम असतो, १९६५ पासून चालू आहे म्हणे, तिथं पांढऱ्या ग्वायाबेरा घातलेल्या तीन म्हाताऱ्यांनी गिटारवर तेच गाणं सुरू केलं आणि शेजारची सगळी माणसं पुटपुटत गायला लागली. आपल्याकडं भावगीताला होतं ना तसं. पूर्वी त्याच गुरुवारी जमिनी वाटायचे हे तिथं बसल्यावर लक्षात आलं.

लग्न ठरलं होतं १४ जानेवारी १९२४, सॅन फ्रान्सिस्कोला. आल्मा तयारीला पुढं गेली.

डिसेंबरमध्ये आदोल्फो दे ला उएर्तानं राष्ट्राध्यक्ष ओब्रेगोनविरुद्ध बंड केलं, निम्मं सैन्य तिकडं फिरलं. कारियो ओब्रेगोनच्या बाजूचा. युकातानातली पलटण १२ डिसेंबरला उलटली. आता इथं कुणालाही वाटेल की हजारो लाल कार्डवाले उठतील, मेरिदा अडवतील. काहीच झालं नाही. बंदुका नव्हत्या हे एक. पण माझं मत विचाराल तर बंदुका हे अर्धंच कारण आहे. त्या लीगा बऱ्याच ठिकाणी गावातल्या दादांच्या जोरावर उभ्या होत्या, कासीके म्हणतात त्यांना, जो दादा आज पक्षाचा झेंडा लावतो कारण सत्ता पक्षाची आहे. कारियोनं त्यांना हाताशी धरलं, त्यांनी विरोधकांची डोकी फोडली तेव्हा डोळेझाक केली, कारण गावं घाईत बांधायची होती. वारं फिरल्यावर दादा घरात बसले. शिवाय वाख. पहिल्या महायुद्धात भाव चढलेला, युद्ध संपल्यावर धाडकन कोसळला, आल्वारादोचं कमिशन त्यातच बुडालं. तिकडं जर्मनांनी १८९३ मध्येच सिसालची रोपं फ्लोरिडामार्गे पूर्व आफ्रिकेत नेऊन लावली होती, जावामध्येही लागवड, म्हणजे खरेदीदाराला आता युकातानची गरजच राहिली नव्हती. तिजोरी रिकामी, मळ्यांवर काम आठवड्यातले मोजके दिवस. उपाशी मजुराला लाल कार्ड किती दिवस पुरणार. आणि वर्षाच्या शेवटी ह्यानं पडीक टाकलेले मळे ताब्यात घ्यायचा कायदा आणला, म्हणजे मळेवाल्यांचा उरलासुरला धीर संपला. बंडवाल्यांना त्यांनी पैसे पुरवले असं मेरिदात अजून बोललं जातं.

तो भावांना आणि जवळच्या माणसांना घेऊन पूर्वेकडं पळाला, आधी रेल्वेनं, मग किनाऱ्यावरून होडीनं, क्युबाला जायचा विचार. होडी धड चालली नाही, ओलबोश बेटाच्या बाजूला पकडले. मेरिदाला आणून लष्करी कोर्ट, आणि ३ जानेवारी १९२४ च्या पहाटे स्मशानाच्या भिंतीला उभं करून तेरा जणांना गोळ्या घातल्या. त्यात तिघं त्याचे सख्खे भाऊ, विल्फ्रिदो, बेन्हामिन, एदेसियो. तो एकोणपन्नासचा होता.

म्हणून लक्ष्मीपूजनाच्या सकाळी स्मशानात. आत शिरलो तर जत्राच, बायका थडगी धुताहेत, पोरं पाण्याच्या बादल्या नेताहेत, कुणी छोट्या देव्हाऱ्यासारख्या थडग्यांना निळा-गुलाबी रंग देतंय, झेंडू आणि मेणाचा वास. समाजवाद्यांचा एक वेगळा गोल आहे, तिथं फेलिपे आणि भाऊ. आणि ती भिंत जपून ठेवलेली, गोळ्यांच्या म्हणून दाखवतात त्या खुणा मी जवळ जाऊन बघितल्या. माझ्या छातीच्या उंचीला. एकात बोट घालून बघावं असं वाटलं आणि लाज वाटली. भिंतीच्या फटीतून एक मुंग्यांची रांग चाललेली, त्यांना काय. एक बाई झाडू मारत होती, तिनं आमच्या हातातली फुलं बघून मान हलवून पलीकडं बोट दाखवलं, तिकडं आल्मा रीड. ती नंतर न्यूयॉर्क, मेक्सिको सिटी करत राहिली, १९६६ ला वारली, आणि तिला इथं आणलं, त्याच्यापासून थोड्या पावलांवर. हिनं आमच्या जुडीतली निम्मी फुलं तिथं ठेवली. कायद्यावरून चिडली होती तीच.

एक जाता जाता. त्याच १९२४ साली आपले पांडुरंग खानखोजे, वर्ध्याचे, गदरवाले, मेक्सिकोत येऊन पोचले आणि पुढं चापिंगोच्या शेतकी शाळेत मक्यावर काम केलं, शेतकऱ्यांच्या पोरांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. मेक्सिकोचा मोठा चित्रकार दिएगो रिवेरा, त्यानं त्यांना भित्तिचित्रात घातलंय. दोघांची भेट होणं शक्यच नव्हतं. पण भेटले असते तर काय बोलले असते ह्या विचारात माझा अर्धा दिवस गेला.

शेवटच्या दिवशी सोतुता दे पेऑन नावाच्या जुन्या मळ्यावर गेलो, तिथं वाख काढायचं काम अजून दाखवतात. खेचरं जोडलेल्या छोट्या ट्रॉल्या, अरुंद रुळांवरून शेतात नेतात. रोप लावल्यापासून पहिली कापणी सातेक वर्षांनी. आधी पानाच्या टोकाचा आणि कडेचा काटा उडवायचा, मग पन्नास-पन्नास पानांची पेंढी. मशीन सुरू केलं तर काय आवाज, एका बाजूनं हिरवं पान आत आणि दुसऱ्या बाजूनं केसांसारखा ओला वाख, खाली हिरवा चोथा आणि तो वास, डबक्याचाच, पण ताजा. एका म्हाताऱ्या बाबांनी हातानं पान खरवडून दाखवलं आणि वाखाचे दोन पेड मांडीवर ठेवून तळहातानं असा एकच सपकारा मारला की पीळ बसला. मी हात पुढं केला, त्यांनी दिलं, मला काही जमेना, केस उपटले गेले मांडीचे. सगळा ग्रुप हसला. मूठभर वाख त्यांनी मला तसाच दिला.

रात्री नऊला घरी फोन लावला, तिकडं भाऊबीजेची सकाळ. आईला स्मशानाचं आत्ता सांगून टाकलं, ती दोन मिनिटं ओरडली. मग अण्णांना वाख दाखवला कॅमेऱ्यासमोर. चष्मा वर करून बघितला त्यांनी, म्हणाले केकताडच की. सगळी गोष्ट सांगितली, घटना, लाल कार्ड, भाव कोसळला, होडी, भिंत. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. संपल्यावर म्हणाले, "आन आता काय भाव हाय तिथं वाखाला?"

मी हिच्याकडं बघितलं. पाच दिवसांत हे कुणालाच विचारलं नव्हतं.